हिरड्याचा कस आणि विजेचा स्पर्श

मोहेंजोदडोच्या उत्खननात १९२०च्या दशकात चांदीचे एक भांडे सापडले. भांड्याच्या आत काय होते यापेक्षा त्याला बाहेरून काय चिकटले होते, यालाच पुढे अधिक महत्त्व आले. बाहेरून चिकटले होते सुती कापडाचे बारीकसे तुकडे. ते तपासणीसाठी मुंबईला, माटुंग्याच्या इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीच्या तंत्रप्रयोगशाळेकडे आले. ही प्रयोगशाळा १९२४ साली सुरू झालेली, म्हणजे अगदीच नवी. तिथल्या टर्नर आणि गुलाटी या दोघा शास्त्रज्ञांनी धागा सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि १९२८ साली निर्वाळा दिला, की हा खराखुरा कापूस आहे. कापडावरचा रंगही मंजिष्ठाच्या वर्गातील वनस्पतीचा असल्याचे दिसून आले. सिंधूकाठच्या माणसांना कापूस पिकवता येत होता, विणता येत होता आणि रंगवताही येत होता, याचा तो पुरावा ठरला.

आता प्रश्न असा, की चार हजारांहून अधिक वर्षे ओलसर मातीत राहून हे कापड टिकले कसे? आपल्या घरातले धोतर पावसाळ्यात आठ दिवस ओले राहिले तर त्यावर काळे ठिपके येतात आणि महिन्याभरात ते हातात फाटते. सिंधू संस्कृतीच्या नगरांत कापड काही थोडे नसेल, पण ते सारे मातीने खाल्ले. उरले ते फक्त धातूला चिकटलेले. चांदी आणि तांबे गंजताना त्यांचे क्षार कापडात उतरले, आणि ज्या सूक्ष्म जीवांनी एरवी त्या कापडाची माती केली असती ते तिथे वाढूच शकले नाहीत. म्हणजे हे अतिप्राचीन सुती कापड वाचले ते जंतुरोधक झाल्यामुळे. ही करामत कुणी केली नव्हती, ती आपसूक घडली होती. तेच काम जाणूनबुजून आणि वनस्पतींच्या साह्याने कसे करावे, या खटपटीचा इतिहास हा या लेखाचा विषय आहे. त्याचा एक धागा आपल्या सह्याद्रीच्या रानातून जातो आणि दुसरा थेट विजेच्या प्रयोगशाळेत पोहोचतो.

कापसाचा गुण आणि दोष

आपल्याकडे घरात मराठी आणि दारात कन्नड. त्यामुळे कापसाला कन्नडात ‘हत्ति’ म्हणतात हे कळल्यावर प्रत्येक पिढीतली मुले एकदा तरी हसलेली असतात. पण ‘हत्ति’ हलकी असली तरी तिची भूक खरोखरच हत्तीची आहे. ही भूक पाण्याची. नेहमीच्या हवेतसुद्धा शंभर भाग कोरड्या कापसामागे साधारण साडेआठ भाग पाणी धाग्यात मुरलेले असते. घाम तर तो टिपतोच. म्हणूनच उन्हाळ्यात सुती सदरा सुखाचा वाटतो. आणि नेमके हेच सूक्ष्म जंतूंच्याही सोयीचे असते. ओल, अंगाची ऊब आणि घामातले पदार्थ अशी तिन्ही सामग्री त्यांना एका ठिकाणी मिळते. घामाला स्वतःला फारसा वास नसतो. जंतू त्याचे विघटन करू लागले की वास येतो. बुरशीची जात तर याहून पुढची. ती घामावर थांबत नाही, कापसाच्या तंतूलाच खाते.

कापसाचा तंतू ज्या द्रव्याचा बनलेला आहे ते सेल्युलोज १८३८ साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आन्सेल्म पायाँ यांनी वेगळे काढले. साखरेचेच हजारो कण एका लांब साखळीत ओवावेत, तशी त्याची रचना असते. या साखळीवर जागोजाग हायड्रॉक्सिल नावाचे गट असतात. ते पाण्याशी लगेच हात मिळवतात, पण इतर पुष्कळ द्रव्यांना पक्के धरून ठेवत नाहीत. हळदीत भिजवलेले फडके पाहा. पहिल्या दिवशी पिवळेधमक. दोन-चार वेळा साबणाने धुऊन उन्हात टाकले की फिकट. हळदीत गुण नाही असे कुणी म्हणणार नाही. तो गुण धाग्यावर टिकत नाही, ही खरी अडचण आहे. हजारो वर्षांच्या खटपटीत मूळ कोडे हेच राहिले आहे, आणि पुढचा सारा इतिहास वाचताना ते ध्यानात ठेवावे.

सुश्रुताची पट्टी

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात जखमा बांधण्याच्या पट्ट्यांचा स्वतंत्र अध्याय आहे. पट्टी कशाची असावी, याच्या यादीत क्षौम म्हणजे जवसाच्या तागाचे वस्त्र आहे, कौशेय म्हणजे रेशीम आहे, लोकर आहे आणि कार्पास म्हणजे आपला कापूसही आहे. त्याच ग्रंथात व्रणाला धुरी देण्याचे सांगितले आहे. गुग्गुळ, अगरू, राळ, वेखंड, पांढरी मोहरी, मीठ आणि कडुनिंबाची पाने तुपात कालवून निखाऱ्यावर टाकायची आणि तो धूर द्यायचा. बाळबाळंतिणीच्या खोलीतली शेगडी आणि धुरी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही यादी परकी वाटणार नाही. ट्रंकेत ठेवणीच्या लुगड्यांच्या घडीत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालणे किंवा नव्या कपड्याच्या कोपऱ्याला हळदकुंकू लावणे हे घराघरांत चालत आले. कडुनिंबाच्या बाबतीत तर भाषेची भिंतही नाही. आपण पाडव्याला कडुनिंब आणि गूळ खातो, शेजारी युगादीला ‘बेवु-बेल्ल’ खातात. पदार्थ तोच आणि दिवसही तोच.

मात्र इथे एक विवेक पाळला पाहिजे. सुश्रुताला वनस्पतींचे गुण अनुभवाने ठाऊक होते, पण जंतू ठाऊक नव्हते. सूक्ष्मदर्शकाशिवाय ते दिसणे शक्यच नव्हते. ‘आमच्याकडे हे सारे होतेच’ असे म्हणून छाती फुगवणे सोपे आहे. आमच्याकडे निरीक्षण होते, आणि ते उत्तम होते. कारण शोधणे, मोजणे आणि कापडावर गुण टिकवून दाखवणे हे काम बाकी होते. त्यातला टिकवण्याचा काही भाग वैद्यांनी नव्हे, तर रंगाऱ्यांनी केला.

हिरड्याची कामगिरी

मंजिष्ठाचा लाल रंग नुसत्या सुती कापडावर नीट बसत नाही. रंगारी काय करत? आधी कापड हिरड्याच्या पाण्यात बुडवत, वाळवत, मग तुरटीच्या पाण्यात घालत आणि त्यानंतर रंगाच्या कढईत सोडत. आंध्रातल्या श्रीकालहस्तीच्या कलमकारीत आजही कापड प्रथम हिरडा आणि म्हशीचे दूध यांच्या मिश्रणात भिजवतात. दुधातल्या स्निग्धांशामुळे कलमाची रेघ फुटत नाही आणि हिरड्यामुळे रंग धरतो. इजिप्तमधल्या जुन्या कैरोजवळ, फुस्तात येथे, मध्ययुगातले भारतीय छापील सुती कापडाचे पुष्कळ तुकडे मिळाले. त्यातले बरेचसे गुजरातचे असून त्यांवरचा मंजिष्ठाच्या जातीचा लाल रंग अजून ओळखू येतो. इतका पक्का रंग कसा बसवावा, हे ज्ञान आपल्या रंगाऱ्यांपाशी होते.

हिरडा नेमके काय करतो? त्यात टॅनिन नावाची तुरट द्रव्ये भरपूर असतात. हिरडा चघळल्यावर जीभ आवळल्यासारखी होते, ती त्यांच्यामुळेच. टॅनिनला रासायनिक अर्थाने पुष्कळ हात असतात. काही हात सेल्युलोजच्या साखळीला धरतात, काही तुरटीतल्या ॲल्युमिनिअमला, आणि ॲल्युमिनिअम रंगाच्या कणाला. असा तिघाचौघांचा साकव तयार झाला की रंग धुऊन जाता जात नाही. टॅनिनचा आणखी एक स्वभाव असा, की ते प्रथिनांना घट्ट पकडते. कातडे कमावताना ते कातड्यातल्या प्रथिनाला धरते आणि जंतूंच्या बाबतीत त्यांच्या पेशीतल्या प्रथिनांना. म्हणजे आपले रंगारी रंगासाठी म्हणून कापडाला जे पुट देत होते, त्यात जंतूंना रोखण्याची शक्तीही होती. ती मोजण्याचे साधन त्यांच्याजवळ नव्हते आणि मोजावे असे त्यांना वाटण्याचे कारणही नव्हते.

हिरड्याशी आपल्या भागाचे नाते व्यापाराचेही आहे. एकोणिसाव्या शतकात विलायतेतल्या कातडी कमावणाऱ्या आणि कापड रंगवणाऱ्या कारखान्यांना हिरडा लागे. त्या बाजारात हिरड्याच्या प्रती ठिकाणांच्या नावांनी ओळखल्या जात. एक प्रत जबलपूरची, एक आंध्र किनाऱ्यावरच्या भीमलीची, आणि एकीचे नावच ‘व्हिंगोर्ला’! हे म्हणजे आपले वेंगुर्ले. १८८०च्या दशकात बेळगावला आगगाडी येण्यापूर्वी या मुलखाचे बंदर वेंगुर्ले हेच होते. घाट उतरून बैलगाड्या जात आणि तिथून माल समुद्रमार्गे पुढे. सह्याद्रीच्या रानात वेचलेला हिरडा बंदराचे नाव घेऊन परदेशी गेला. वेचणाऱ्याचे नाव मात्र कुठल्याच गोणीवर नव्हते.

मग काळ फिरला. १८५६ साली विल्यम पर्किन यांना डांबरापासून जांभळा रंग मिळाला. १८६८-६९च्या सुमारास ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी मंजिष्ठाच्या रंगातले मुख्य द्रव्य, अलिझरिन, कृत्रिम रीतीने बनवले. स्वस्त रंग आले तशी रंगाऱ्यांच्या अंगणातली हिरड्याची कढई बहुतेक ठिकाणी थंडावली.

कार्बोलिकपासून तंबूच्या बुरशीपर्यंत

याच सुमारास युरोपात जंतूंचा शोध लागत होता. ग्लासगोच्या इस्पितळात १२ ऑगस्ट १८६५ रोजी गाडीचे चाक पायावरून गेलेल्या अकरा वर्षांच्या मुलाला आणले गेले. हाड मोडून कातडीबाहेर आले होते. त्या काळी अशा जखमेत बहुधा पू होई आणि पाय, नाही तर प्राण जाई. जोसेफ लिस्टर यांनी कार्बोलिक आम्लात भिजवलेल्या कापडाने जखम झाकली. सुमारे सहा आठवड्यांत मुलगा बरा झाला. १८६७ साली लिस्टर यांनी ही पद्धत ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केली.

पण लिस्टर यांच्यापुढेही तेच कोडे उभे राहिले. कार्बोलिक लवकर उडून जाई आणि जास्त झाले तर कातडी भाजे. म्हणून पुढे त्यांनी सुती जाळीदार कापडाला राळ आणि पॅराफिन यांच्याबरोबर कार्बोलिकचे पुट दिले. औषध धरून ठेवायचे आणि हळूहळू सोडायचे, हा त्यामागचा विचार. राळ सुश्रुताच्या धुरीतही होती, लिस्टर यांच्या पट्टीतही आली. दोघांची कामे निराळी, पण योगायोग लक्षात राहण्याजोगा आहे.

दुसऱ्या महायुद्धात कापडाच्या दुसऱ्या शत्रूने म्हणजे बुरशीने डोके वर काढले. पॅसिफिकमधल्या दमट बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू, पट्टे आणि पिशव्या सडू लागल्या. सॉलोमन बेटांवरच्या सैन्याच्या सुती कापडावरून एक बुरशी वेगळी काढण्यात आली. ती सेल्युलोज इतक्या झपाट्याने पचवी की शास्त्रज्ञही थक्क झाले. एल्विन रीस यांनी तिचा पुढे अनेक वर्षे अभ्यास केला आणि तिला त्यांचेच नाव मिळाले, ट्रायकोडर्मा रीसी. गंमत अशी, की कापड खाणाऱ्या या बुरशीची पाचकद्रव्ये आज कापडधंदाच वापरतो. सुती कापडावरची लव काढून ते गुळगुळीत करण्यासाठी आणि जीनच्या पँटींना जुनाट रूप देण्यासाठी त्यांचा उपयोग होतो.

युद्धानंतर कापडाला जंतुरोधक करण्यासाठी रसायनांची रांगच लागली. अमोनियमची संयुगे, ट्रायक्लोसान, चांदीचे अतिसूक्ष्म कण. ती प्रभावी होती, यात वाद नाही. पण धुण्याच्या पाण्याबरोबर ती गटारात आणि नदीत जाऊ लागली. चांदीच्या कणांचे मोजे धुतल्यावर पाण्यात चांदी उतरते, हे अमेरिकेतील संशोधकांनी २००८ साली दाखवून दिले. ट्रायक्लोसान असलेले अंग धुण्याचे जंतुनाशक साबण २०१६ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने बाजारातून काढायला लावले. रोजच्या वापरात ते साध्या साबणाहून सरस आणि दीर्घकाळ सुरक्षित आहेत, हे कंपन्यांना सिद्ध करता आले नव्हते. तेव्हा शास्त्रज्ञांची नजर पुन्हा झाडपाल्याकडे वळली.

झाडपाल्याचा रसायनशास्त्रीय अभ्यास तोवर बराच पुढे गेला होता. हळदीतला पिवळा पदार्थ, कुर्कुमिन, १८१५ सालीच वेगळा काढण्यात आला होता. त्याची जंतूंवरील क्रिया दाखवणारा लेख १९४९ साली ‘नेचर’मध्ये आला. कडुनिंबाच्या तेलातून निंबिन, निंबिनिन आणि निंबिडिन ही द्रव्ये १९४२ साली सलीमुज्जमां सिद्दिकी यांनी वेगळी केली. डाळिंबाची साल, तुळस, कोरफड, आणि आपला हिरडा, सगळ्यांचे अर्क प्रयोगशाळांतून सुती कापडावर चढू लागले. जंतू कमी होतात असे दिसले. पण कापड चार-सहा वेळा धुतले की पुष्कळदा पहिले पाढे पंचावन्न. हळदीच्या फडक्याचीच गोष्ट पुन्हा.

विजेचे धुके

इथे एक अगदी निराळा पाहुणा आपल्या कथेत येतो. त्याचे नाव प्लाझ्मा. आपल्या घरातली ट्यूबलाइट म्हणजे प्लाझ्माने भरलेली नळीच. वायूला पुरेशी वीज दिली की त्याच्या कणांतून इलेक्ट्रॉन सुटतात आणि वायू विद्युतभारित होऊन झळाळू लागतो. १८५७ साली व्हेर्नर सीमेन्स यांनी काचेच्या दोन थरांमध्ये हवेतून अशी वीज खेळवून ओझोन बनवला होता. १८७९ साली विल्यम क्रुक्स यांनी निर्वात नळीतल्या या तेजाला पदार्थाची चौथी अवस्था मानले. १९२८ साली अमेरिकेत अर्व्हिंग लँगम्युअर यांनी त्याला ‘प्लाझ्मा’ हे नाव दिले. रक्तातला प्लाझ्मा जसा पेशींना वाहून नेतो तसे काहीसे त्यांच्या मनात आले असावे, असे त्यांच्या सहकाऱ्याने पुढे लिहून ठेवले आहे. आणि तापलेल्या वायूचे कण किती प्रमाणात विद्युतभारित होतात याचे सूत्र १९२० साली मांडले ते आपल्या मेघनाद साहांनी. त्यांची दृष्टी ताऱ्यांकडे होती. कापडाशी त्याचा काही संबंध येईल, असे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नसेल.

सूर्य हाही प्लाझ्माच. मग कापड जळत नाही का? याचे उत्तर असे, की प्लाझ्माचे दोन प्रकार आहेत. सूर्यासारख्या प्लाझ्मात सगळेच कण तापलेले असतात. ट्यूबलाइटसारख्या प्लाझ्मात इलेक्ट्रॉन तेवढे अतिशय वेगवान असतात, बाकी वायू जवळजवळ गार राहतो. यालाच थंड प्लाझ्मा म्हणतात. दोन विद्युतपट्ट्यांच्या मधून कापड सरकवायचे आणि भोवती हवा, ऑक्सिजन किंवा हेलिअमचा असा प्लाझ्मा पेटवायचा. सुरुवातीला यासाठी पेटीतली हवा पंपाने काढावी लागे. त्यामुळे कापडाचा ताका अखंड चालवणे कठीण जाई. १९८८ साली जपानमध्ये ओकाझाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साध्या हवेच्या दाबाला असा एकसारखा प्लाझ्मा पेटवून दाखवला आणि कापडधंद्याचा मार्ग मोकळा झाला.

कच्च्या कापसाच्या तंतूवर निसर्गतः मेणाचा पातळ थर असतो. प्लाझ्मातले चपळ कण हा थर कुरतडतात, तंतूचा पृष्ठभाग खरबरीत करतात आणि तिथे ऑक्सिजनयुक्त नवे गट, म्हणजेच नवे हात, उगवतात. हा सारा खेळ तंतूच्या अगदी वरवरच्या थरापुरता चालतो. आतला तंतू तसाच राहतो, त्यामुळे हिशेबाने केले तर कापडाचे बळ फारसे घटत नाही. पाण्याचा थेंब ज्या कापडावर मोत्यासारखा बसे, तो आता क्षणात मुरतो. असे कापड लगेच हिरड्याच्या, कडुनिंबाच्या किंवा हळदीच्या अर्कात बुडवले की ते अर्क अधिक पितो आणि पुढच्या धुण्यात तो सहजासहजी सोडत नाही. ‘लगेच’ या शब्दाला इथे महत्त्व आहे, कारण प्लाझ्माचा परिणाम दिवस जातील तसा ओसरतो. जुन्या रंगाऱ्याने हिरडा आणि तुरटी यांनी जो साकव बांधला, त्याचा पाया प्लाझ्मा धाग्यावरच तयार करतो. शिवाय या पायरीला पाणी जवळपास लागत नाही. रंगखात्याच्या सांडपाण्याने नद्यांचे काय होते हे इचलकरंजीकरांना नव्याने सांगायला नको.

भारतातही हे काम उभे राहिले. अहमदाबादजवळ प्लाझ्मा संशोधन संस्था १९८६ साली स्थापन झाली. तिचे मुख्य काम अणुसंमीलनाचे. पण उद्योगांसाठी प्लाझ्मा वापरता यावा म्हणून तिने १९९७ साली गांधीनगरला वेगळे केंद्र काढले. अंगोरा सशाचे केस फार निसरडे, त्यांचे सूत काढताना ते सुटत. या केसांना प्लाझ्माने किंचित खरबरीत करून सुताला धरते करण्याचा उद्योग तिथे अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या सहकार्याने झाला. आणि माटुंग्याची ती प्रयोगशाळा? ती आज केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. जिथे मोहेंजोदडोचा धागा ओळखला गेला, त्याच संस्थेत थंड प्लाझ्माने कापसाचे गुण बदलण्याचे संशोधनही झाले आहे.

गुण कुणाचा, हक्क कुणाचा?

झाडपाल्याला असे दिवस आले की मालकीचे भांडणही येते. १९९४ साली युरोपीय पेटंट कार्यालयाने कडुनिंबाच्या तेलाने बुरशी रोखण्याच्या पद्धतीचे पेटंट अमेरिकेचे शेतीखाते आणि एक अमेरिकन कंपनी यांना दिले. १९९५च्या मार्चमध्ये अमेरिकेत हळदीने जखम भरण्याच्या उपयोगाचे पेटंट दिले गेले. आपल्याकडे संतापाची लाट उसळली. पण ही लढाई घोषणांनी जिंकली गेली नाही. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ आणि छापील लेख पुराव्यादाखल पुढे ठेवले, आणि १९९७च्या ऑगस्टमध्ये हळदीचे पेटंट रद्द झाले. परिषदेचे महासंचालक त्या वेळी डॉ. रघुनाथ माशेलकर होते, गोव्यातल्या माशेलचे सुपुत्र. कडुनिंबाचे पेटंट २००० साली रद्द ठरले आणि त्यावरचे अपीलही २००५च्या मार्चमध्ये फेटाळले गेले. ज्यांनी हे ज्ञान लिहून ठेवले होते त्यांच्यामुळे आपण जिंकलो. रंगाऱ्यांच्या घराण्यांत तोंडी चालत आलेले आणि कुठेच न लिहिलेले जे होते, ते न्यायासनापुढे कसे उभे करणार? हा धडा आपण पुरेसा घेतलेला नाही. आपल्याच बेळगावात शहापूर, वडगाव आणि खासबाग भागांत विणकरांची घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. खळ कशी करत, सुताला काय लावत, रंग कशाने धरत, हे त्या घरांतली वृद्ध माणसे आहेत तोवर लिहून घेतले पाहिजे. मराठीत लिहा, कन्नडात लिहा, पण लिहा.

हक्काचा दुसरा प्रश्न रानातला आहे. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत महादेव कोळी कुटुंबे बाळहिरडा वेचून चार पैसे मिळवतात. २००२ साली जैवविविधता कायदा झाला आणि अशा संपत्तीच्या लाभात स्थानिकांचा वाटा असावा हे तत्त्व कागदावर आले. उद्या हिरड्याचे पुट दिलेले कापड महाग विकले गेले, तर तो वाटा रानातल्या घरापर्यंत पोहोचतो की नाही, यावर लक्ष ठेवावे लागेल. वेंगुर्ल्याच्या गोणीसारखे पुन्हा होऊ नये.

तिसरी गोष्ट गिऱ्हाइकाच्या, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या हिताची. २०२० साली करोनाची साथ आली तेव्हा जंतू मारणारे कापड, विषाणू मारणारे कापड अशा जाहिरातींचा नुसता पूर आला. अशा वेळी दुकानदाराला तीन प्रश्न विचारावेत. कोणत्या जंतूंवर तपासले? कोणत्या प्रमाणित चाचणीने आणि कुणी तपासले? आणि किती धुण्यांनंतर तपासले? प्रयोगशाळांत सहसा स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि ई. कोलाय या दोन जंतूंवर परीक्षा घेतात. ठरावीक काळाने कापडावर किती जंतू उरले ते मोजतात. काचेच्या बशीत जंतू मेले म्हणजे अंगावरचा रोग बरा झाला, असा त्याचा अर्थ होत नाही. आपल्या कातडीवर निरुपद्रवी जंतूंची वस्तीही असते आणि ती सरसकट उठवणे हिताचे नाही. इस्पितळातल्या चादरी, जखमेच्या पट्ट्या, मोजे, दमट हवेत साठवायचे कापड यांच्यासाठी या विद्येला खरी जागा आहे. रोजच्या सदऱ्याला साबण, पाणी आणि ऊन पुरते.

शास्त्रापुढच्या अडचणीही सांगितल्या पाहिजेत. कडुनिंबाच्या दोन झाडांचा अर्क सारखा नसतो. जमीन, ऋतू आणि पानाचे वय यांप्रमाणे तो बदलतो. कारखान्याला तर दर ताका सारखा हवा. अर्काचा स्वतःचा रंग आणि वास कापडाला येतो. प्लाझ्माचे यंत्र महाग, चार मागांच्या घराला न परवडणारे. यंत्रमाग आपल्या शेजारी इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी आणला. पुढे तो घराघरांत पोहोचला आणि गावाचे रूपच पालटले. प्लाझ्माचे यंत्र प्रत्येकाने घेण्याची गरज नाही. सहकारी तत्त्वावर एका गावाला एक अशी सामाईक सोय झाली, तर विणकरालाही तिचा लाभ घेता येईल. कोणत्या झाडाचा अर्क घ्यावा हे ठरवण्यासाठी लांब जायचेही कारण नाही. सह्याद्रीतल्या औषधी वनस्पतींचा अभ्यास करणारी केंद्र सरकारची संस्था २००६ सालापासून बेळगावातच आहे.

शेवटी शाळेतल्या मुलांसाठी एक प्रयोग सुचवतो. दिवाळीच्या सुट्टीत घरच्या घरी होण्याजोगा आहे, मात्र मोठ्या माणसांना सोबत घ्यावे. धुतलेल्या मांजरपाटाचे सारखे तीन तुकडे घ्या. एक हळदीच्या पाण्यात बुडवा. दुसरा आधी हिरड्याच्या काढ्यात, मग तुरटीच्या पाण्यात आणि मग हळदीत. तिसरा हिरड्याच्या काढ्यात बुडवून गंजलेल्या खिळ्यांच्या पाण्यात घाला. तो काळा पडेल. हिरडा आणि लोह यांचीच शाई करून आपल्या पूर्वजांनी पोथ्या लिहिल्या. तिन्ही तुकडे दहा वेळा साबणाने धुवा, सावलीत वाळवा आणि प्रत्येक धुण्यानंतर रंगात काय फरक पडला ते तारखेसह वहीत लिहा. जे दिसेल तेच लिहा. सुट्टी संपल्यावर ती वही वर्गात आणा. तुमच्या विज्ञानाच्या गुरुजींना आणि इतिहासाच्या बाईंना ती सारखीच उपयोगी पडेल.